ट्रेलरमधला शत्रू, गेममधला शत्रू

प्रश्न: एका येऊ घातलेल्या शूटर गेमची मी कधीपासून वाट बघतोय. नुकताच त्याचा नवा ट्रेलर आला. त्यात शत्रूचे सैनिक टेबल आडवं पाडून त्याच्या आड लपतात, एक जण गोळीबार करून खेळाडूला गुंतवून ठेवतो आणि दुसरा वळसा घालून पाठीमागून येतो. निर्माते म्हणतात, आमचे शत्रू 'तुमची खेळण्याची पद्धत शिकतात'. मी अक्षरशः वेडा झालोय. पण ज्या मित्राबरोबर मी शाळेपासून गेम खेळतो तो म्हणतो, "सगळं नाटक आहे. गेम आला की हेच सैनिक भिंतीला तोंड लावून उभे दिसतील." त्याच्या मते 2005 च्या 'फिअर'नंतर शूटरमधल्या शत्रूंची अक्कल एक पाऊलही पुढे गेलेली नाही. मला वाटतं, आता सगळीकडे एआय आहे, तर या वेळी खरंच काहीतरी वेगळं होईल. यावरून आमचं चक्क भांडण झालं, आठवडाभर अबोला होता. आमच्यात बरोबर कोण? आणि प्री-ऑर्डर करू का, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरून टाकू का?
– अधीर

प्रिय अधीर,

आधी पैशाचं निकालात काढू. प्री-ऑर्डर करू नका. डिजिटल गेमचा साठा संपत नाही. पहिल्या दिवशी घेतला काय नि पंधराव्या दिवशी घेतला काय, शत्रू तेच असतात. उलट पंधराव्या दिवसापर्यंत एखादा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) येऊन ते थोडे सुधारलेलेच असतील. प्री-ऑर्डरवर मिळणारी ती सोनेरी बंदूक तुम्ही दुसऱ्या लेव्हलनंतर हातातही धरणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता भांडण. तुमचा मित्र 'फिअर'चा दाखला देतो. हा दाखला सगळेच देतात, पण तो गेम आतून कसा चालायचा हे बघायला फारसं कोणी जात नाही. आपण जाऊ, कारण तुमच्या भांडणाचा निकाल तिथेच लागतो.

'फिअर' मोनोलिथ प्रॉडक्शन्सचा. त्यातल्या शत्रूंचं डोकं जेफ ऑर्किन यांनी घडवलं आणि 2006 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याची आतली रचना सगळ्यांसमोर मांडली. त्या काळी साधारण रीत अशी होती की प्रत्येक प्रसंगात काय करायचं ते प्रोग्रामर शत्रूला लिहून द्यायचा. खेळाडू दिसला तर गोळी झाड, लागलं तर कव्हर (आडोसा) घे, कव्हर नसेल तर अमुक कर. ऑर्किन यांनी ही पढवणी थांबवली. शत्रूला उद्दिष्ट दिलं, करता येण्यासारख्या कृतींचा साठा दिला, आणि कोणती कृती कशानंतर हे जुळवण्याचं काम त्याच्यावरच सोडलं. त्यांनी दिलेलं उदाहरण मला फार आवडतं. सैनिक दारातून आत यायला बघतो, खेळाडू आतून दार अडवून धरतो. सैनिकाचा बेत फसतो, तो नवा बेत करतो आणि दाराला लाथ घालतो. तेही जमत नाही. मग तो खिडकीतून उडी टाकून आत येतो. 'दार अडलं तर खिडकी' असं कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. या पद्धतीचं मूळ स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या 'स्ट्रिप्स' नावाच्या प्लॅनरमध्ये, म्हणजे उद्दिष्टापर्यंत नेणाऱ्या कृती जुळवून देणाऱ्या प्रोग्राममध्ये आहे. म्हणजे तुमच्या मित्राला जे 2005 चं तंत्र वाटतं, ते तेव्हाच तिशी ओलांडून गेलं होतं.

इथपर्यंत मित्र खूश होईल. पुढचं त्याला वाचून दाखवा.

'फिअर'चे सैनिक मिळून डावपेच करतात, अशी त्यांची ख्याती आहे. ऑर्किन यांनी स्वतः लिहिलंय की पथकाने मिळून करायचे गुंतागुंतीचे डाव त्यांनी गेममध्ये घातलेच नव्हते. मग वळसा घालून येणारा सैनिक? तो बिचारा आपल्यापुरतं कव्हर शोधत असतो. तुम्ही जागा बदललीत की त्याचं जुनं कव्हर निरुपयोगी होतं, तो नवं गाठायला धावतो, आणि त्या गेममधल्या चिंचोळ्या, सामानाने भरलेल्या ऑफिसांमध्ये हे नवं कव्हर पुष्कळदा तुमच्या बगलेला निघतं. वरून त्यांची बडबड चालू असते. एक विचारतो, "कुठे आहे तो?" दुसरा म्हणतो, "खांबामागे!" ते दोघं चर्चा करून काही ठरवत नसतात. जे आधीच घडतंय त्याला नंतर आवाज दिलेला असतो. याचा कळस म्हणजे कुमक मागणारा सैनिक. पथकातला शेवटचा माणूस उरला की तो ओरडून जादा माणसं मागतो. माणसं पाठवायची सोय गेममध्ये नव्हतीच. पण तुम्ही पुढच्या दालनात जाता, तिथे आधीपासून नेमलेले शत्रू भेटतात, आणि तुमच्या मनात येतं, आयला, बोलावलेले आले वाटतं!

तेव्हा 'सगळं नाटक आहे' हे मित्राचं म्हणणं शंभर टक्के खरं. फक्त त्याच्या लाडक्या गेमलाही ते तितकंच लागू आहे. पूर्वी अस्सल होतं आणि आता फसवतात, असा हिशेब नाही. पूर्वी नाटक चांगलं बसवलं होतं.

आणखी एक किस्सा त्याच काळातला. 'हेलो' (2001) बनवणाऱ्या बंजीमधल्या क्रिस बुचर आणि जेमी ग्रीझमर यांनी 2002 मध्ये त्यांच्या शत्रूंबद्दल एक व्याख्यान दिलं होतं. चाचणीसाठी बोलावलेल्या खेळाडूंना त्यांनी एकदा कमी दमाचे शत्रू दिले, एकदा जास्त मार सोसणारे. डोकं दोन्हीकडे तेच. तरीही दणकट शत्रूंना 'खूप हुशार' म्हणणाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त निघाली. हसू येतं, पण विचार केला तर यात काही चूक नाही. जो शत्रू दिसल्यापासून दीड सेकंदात आडवा होतो, त्याच्या डोक्यात काय चाललं होतं हे कळायला वाव कुठे आहे? लपणं, जागा बदलणं, साथीदार पडल्यावर बिचकणं, हे सगळं दाखवायला त्याला आधी जिवंत राहावं लागतं. 'हेलो'मध्ये मोठा एलिट पडला की बुटके ग्रंट हात वर करून पळत सुटतात. साधा नियम आहे. पण ते पळणं तुमच्या डोळ्यांसमोर घडतं, म्हणून ते दोन दशकांनंतरही लोकांना आठवतं.

आजच्या कितीतरी शूटरमध्ये एका झडीत माणूस खलास होतो. अशा गेममध्ये शत्रूला आइन्स्टाइनचं डोकं बसवलं तरी ते तुम्हाला दिसणार नाही. तुमच्या गेमच्या ट्रेलरमध्ये शत्रू पडायला किती गोळ्या लागतात ते जरा मोजून बघा. 'आमचा एआय क्रांतिकारक आहे' या वाक्यापेक्षा त्या आकड्यातून जास्त कळेल.

तुमच्या पत्रात एक समजूत दडलेली आहे, तिच्याकडे वळते. तुम्हाला वाटतं की कंप्युटरला अजून नीट लढता येत नाही आणि आता नवीन तंत्राने ते येईल. लढता तर त्याला केव्हाचं येतं. तुम्ही कुठे आहात हे गेमला कायम माहीत असतं. गोळी थेट कपाळावर घालणं हे त्याच्यासाठी एका ओळीचं गणित आहे. डीपमाइंडने 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जे संशोधन छापलं, त्यात 'क्वेक थ्री' या शूटरवर बेतलेल्या झेंडे पळवण्याच्या खेळात त्यांचे बॉट, म्हणजे कंप्युटरने चालवलेले खेळाडू, चांगल्या मानवी खेळाडूंना हरवत होते, आणि त्यांची प्रतिक्रिया माणसाइतकी संथ केल्यावरही हरवत होते. असे शत्रू विकत घेऊन तुम्ही शनिवारी रात्री खेळाल? तासाभरात कंट्रोलर फेकाल.

शूटरच्या शत्रूचं काम लहान पुतण्याशी कुस्ती खेळणाऱ्या काकासारखं असतं. हरायचं आहे, पण हरू देतोय हे पोराला कळता कामा नये, आणि मधूनच त्याची पाठ जमिनीला टेकेल की काय अशी धास्तीही वाटली पाहिजे. म्हणून निर्माते शत्रूला जाणूनबुजून आवर घालतात. 'हाफ-लाइफ'मधल्या (1998) सैनिकांच्या पथकात एका वेळी मोजक्यांनाच गोळीबाराची मुभा असायची, बाकीचे तोवर जागा बदलत राहायचे. 'बायोशॉक'मध्ये (2007) शत्रूची पहिली गोळी मुद्दाम चुकवलेली असायची, म्हणजे हल्ला कुठून झाला हे वळून बघायला तुम्हाला क्षणभर मिळायचा. ट्रेलरमधला तो 'एक गुंतवून ठेवतो, दुसरा वळसा घालतो' प्रकार यातूनच आपोआप तयार होतो, बरं का. चौघांपैकी दोघांनाच गोळ्या झाडायची परवानगी, उरलेल्या दोघांनी काय करायचं? फिरायचं. बघणाऱ्याला तो डाव वाटतो.

मग वीस वर्षांत काहीच का सुधारलं नाही, हे मित्राचं गाऱ्हाणं उरतं. सुधारलं. 'किलझोन 2' (2009), 'मेटल गिअर सॉलिड 5' (2015), 'द लास्ट ऑफ अस'चा दुसरा भाग (2020) यांतले शत्रू 'फिअर'च्या सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त गोष्टी करतात. पण सरसकट पातळी उंचावली नाही, हे मलाही मान्य आहे. लोक सहसा प्रोसेसरला दोष देतात. सेकंदाला साठ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण 16 मिलिसेकंद मिळतात, त्यात चित्र, भौतिकी, आवाज, ॲनिमेशन सगळं बसवायचं, आणि शत्रूंच्या वाट्याला उरतं ते चिमूटभर. हे खरं आहे. तरीपण 2005 चे कंप्युटर आजच्यापेक्षा कितीतरी दुबळे होते आणि 'फिअर' त्यांच्यावरच चालला, तेव्हा हे कारण मला अपुरं वाटतं.

माझ्या मते खरी गोम नकाशात आहे. 'फिअर'च्या खोल्या शत्रूंसाठी बांधलेल्या होत्या. प्रत्येक खोलीला दोन-तीन वाटा, प्रत्येक वाटेवर आडोसा. बंजीवाल्यांच्या त्या व्याख्यानाचा विषयच मुळी एआय आणि लेव्हल यांची सांगड हा होता. आता गेम मैलोन्‌मैल पसरलेला हवा असतो. तुम्ही टेकडीवरून स्नायपर लावून बसणार की गाडी घेऊन थेट घुसणार, हे निर्मात्याला ठाऊक नसतं. अशा उघड्या माळावर हुशार दिसणं फार अवघड आहे. शिवाय बराच पैसा नि बरीच चांगली माणसं मल्टिप्लेयरकडे गेली, जिथे समोर जिवंत माणूस असल्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

आणि एक कारण आपण खेळाडू. शत्रू गुपचूप वळसा घालून आला आणि पाठीत गोळी घातली तर आपण काय म्हणतो? 'वा, काय डाव टाकला!' म्हणतो? छे. 'माझ्या मागे स्पॉन झाला (म्हणजे हवेतून उगवला), फसवणूक!' म्हणतो. तुमच्या जागी बसून बघितलं तर या दोन्हींत काही फरकच नाही. शत्रूने केलेली सगळी मेहनत तुमच्या पाठीमागे झाली, तुम्हाला दिसलं फक्त मरण. म्हणून तर ते ओरडतात. 'मी डावीकडून जातो' ही आरोळी सोबत्यासाठी नसते, ती तुमच्यासाठी असते.

कधीकधी मात्र तो खरोखरच मागे स्पॉन झालेला असतो. 'स्टॉकर 2' नोव्हेंबर 2024 मध्ये आला. 2007 च्या मूळ 'स्टॉकर'चा मानबिंदू होता ए-लाइफ, म्हणजे तुम्ही जवळपास नसतानाही माणसं नि म्युटंट आपापलं जगत राहतात ती यंत्रणा. नव्या गेममध्ये तिची पुढची आवृत्ती येणार असं बराच काळ सांगितलं जात होतं. गेम हातात पडल्यावर लोकांना दिसलं की मोकळ्या रानात अचानक शत्रूंची टोळी जवळच उगवते. त्यात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या पानावरून ए-लाइफचा उल्लेखही निघाला, तेव्हा बोंब झाली. स्टुडिओने यंत्रणा आहे पण नीट चालत नाहीये हे मान्य केलं आणि डिसेंबरपासून पॅचमधून दुरुस्ती सुरू केली. पंधराव्या दिवसाचं मी उगीच म्हटलं नाही. काही वेळा पंधरा दिवसही थोडे पडतात.

ट्रेलरच्या बाबतीत मी तुमच्या मित्राच्या बाजूने आहे. 'किलझोन 2'चा 2005 मध्ये दाखवलेला ट्रेलर आधीच रेंडर करून, म्हणजे ॲनिमेशनपटासारखा बनवून ठेवलेला होता, आणि प्रत्यक्ष गेम आला 2009 मध्ये. 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' (2013) बद्दल तर दाखवलं एक आणि विकलं एक म्हणून अमेरिकेत खटला दाखल झाला. त्यातले एलियन इतके मठ्ठ होते की समोर येऊन घुटमळायचे. पुढे एका मॉडरला (हौसेने गेममध्ये बदल करणाऱ्याला) सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' सापडला. 2018 मध्ये त्याची मोठी बातमी झाली. त्या एका अक्षरामुळे एलियनना लढाईतल्या जागा वाटून देणारा कोड चालूच होत नव्हता. अक्षर काढलं, तर एलियन बऱ्यापैकी घेरायला लागले. तेवढ्याने गेम महान झाला नाही, पण मठ्ठ शत्रूमागे दर वेळी मठ्ठ प्रोग्रामर असतो असंही नाही. पाच वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही, याचं मला जास्त नवल वाटतं.

'शत्रू तुमची पद्धत शिकतात' या वाक्याकडे येऊ. इंटरनेटवर एक दंतकथा फिरते. कोणीतरी 'क्वेक थ्री'चे बॉट चार वर्षं एकमेकांशी लढत ठेवले आणि शेवटी ते लढाई सोडून शांत उभे राहायला शिकले. वाचून अंगावर काटा येतो. पण त्या गेमचे बॉट असे शिकतच नाहीत. त्यांचे नियम ठरलेले आहेत, चार वर्षांनीही तेच राहतात. तेव्हा 'शिकतात' ऐकलं की विचारायचं, काय लक्षात ठेवतात, किती वेळ ठेवतात, आणि त्याने नेमकं काय बदलतं? याचं सरळ उत्तर ज्या गेममध्ये मिळतं तो म्हणजे 'मेटल गिअर सॉलिड 5'. तुम्ही सारखे हेडशॉट मारलेत की शत्रू हेल्मेट घालून यायला लागतात. रात्रीच छापे घातलेत की त्यांच्याकडे रात्री दिसणारे चष्मे येतात. मग तुम्ही त्यांच्या पुरवठ्यावर माणसं पाठवून ती हेल्मेटं बंद पाडू शकता. यात न्यूरल नेटवर्क वगैरे काही लागत नाही, मोजदाद आहे. पण खेळणाऱ्याला वाटतं, हे लोक माझ्याबद्दल बोलतायत! तुमच्या गेमच्या निर्मात्यांनी असं एक जरी ठोस उदाहरण दिलं असेल तर मी उत्सुक आहे. नुसतंच 'शिकतात' म्हणून सोडलं असेल, तर ते वाक्य मार्केटिंगच्या खात्यातून आलंय असं धरून चाला.

नव्या एआयकडून आशा धरावी का? थोडी धरा, पण योग्य जागी. भाषा बोलणारी मॉडेल्स गेममध्ये येतायत, पण जास्त करून बोलणाऱ्या पात्रांसाठी. जानेवारी 2025 मध्ये एनव्हिडिया आणि क्राफ्टन यांनी 'पबजी'साठी असं पात्र जाहीर केलं तेही सोबती म्हणून, शत्रू म्हणून नाही. ते साहजिकच आहे. गोळीबारात निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत लागतो, आणि दर वेळी तोच नियम पाळणारा शत्रू चाचणी करायलाही सोपा असतो. मला जिथे खरी हालचाल दिसते ती शरीरात. 'आर्क रेडर्स' (2025) मधली यंत्रं चालायला मशीन लर्निंगने शिकवलेली आहेत. मोठ्या यंत्राच्या पायावर मारा केला की ते लंगडतं, तोल सावरायला धडपडतं, आणि ती धडपड दर वेळी वेगळी असते, कारण ती कोणी ॲनिमेटरने आधी हाताने काढून ठेवलेली नाही. गंमत अशी की हे काही हुशारीचं काम नव्हे. पण समोर जिवंत काहीतरी आहे अशी भीती मला त्या लंगडण्यातून जितकी वाटली, तितकी वळसे घालणाऱ्या सैनिकांकडून बऱ्याच दिवसांत वाटली नव्हती.

तर आता ट्रेलर बाजूला ठेवा आणि गेमप्लेचं न कापलेलं, सलग फुटेज शोधा. नसेल तर ते येईपर्यंत मत बनवू नका. असेल तर बंदुकीकडे बघू नका, शत्रूकडे बघा. खेळाडू लपून काही सेकंद गप्प बसला तर ते काय करतात? जिथे शेवटचं दिसला तिथे शोधत जातात, की भिंतीपलीकडून त्याच्या खऱ्या जागेवर रोखून बसतात? पहिलं असेल तर चांगली खूण. खेळाडूने खोली सोडली तर दारातून मागे येतात का, की उंबऱ्याशी अदृश्य दोरीने बांधल्यासारखे थांबतात? आणि खेळणारा माणूस कसा खेळतोय तेही बघा. प्रसिद्धीच्या व्हिडिओतला खेळाडू नको तितका सावकाश असतो. टेबल पाडणारा शत्रू छान दिसावा म्हणून तो दोन सेकंद गोळी झाडायची थांबतो. तुम्ही थांबणार नाही.

गेम आला की समीक्षणांमध्ये 'एआय चांगला आहे' एवढंच म्हणणारी सोडून द्या. डिफिकल्टी वाढवल्यावर शत्रू वेगळं वागतात की नुसते जास्त गोळ्या खातात, हे सांगणारं एखादं सापडलं तर ते वाचा. मग घ्यायचा तर घ्या. स्टीमवर घेतलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालेलं असताना पैसे परत मागता येतात. कन्सोलच्या स्टोअरचे नियम वेगळे आहेत, ते आधी वाचा. हे दोन तास कटसीन (मधले गोष्ट सांगणारे व्हिडिओ) बघण्यात घालवू नका. पहिला तास बऱ्याचदा शिकवणीचा असतो, तिथले शत्रू मुद्दाम बावळट ठेवलेले असतात, त्यांच्यावरून पारख करू नका. पहिली खरी मोठी चकमक येऊ द्या. ती जिंका, मग चेकपॉइंटवरून परत सुरू करा आणि या वेळी दुसऱ्या बाजूने शिरा. शत्रू पुन्हा त्याच दारातून येऊन त्याच खोक्यामागे बसले, तर तुम्ही जे बघताय ते लिहून ठेवलेलं आहे. तेही मजेशीर असू शकतं, पण मग 'शिकणारे शत्रू' म्हणून जादा पैसे कशाला मोजायचे?

ही चाचणी एकट्याने करू नका. मित्राला बोलवा. चकमक एकदा तुम्ही खेळा, एकदा त्याला खेळू द्या, दोन्ही रेकॉर्ड करून ठेवा आणि शेजारी शेजारी लावून बघा. त्याच्यासमोर 'फिअर'चा विषय मात्र तुम्हीच आधी काढा, आणि कुमक मागणाऱ्या त्या सैनिकाचं सांगा. माझा अंदाज आहे की त्याला ते माहीत नसेल. अबोला धरायचा असेल तर त्यानंतर धरू दे.